पड ठेवलेली खाच

बबनभाऊंच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या छापखान्यात पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले होते. त्या म्हणाल्या, “ताई, हे गेले.” मी विचारलं, “कुठं?” आणि शब्द तोंडातून निघाल्यावर कळलं. त्या ‘कुठं’ची लाज अजून जात नाही. बबनभाऊ नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात सतरा वर्षं वायरमन होते, सतराही वर्षं कंत्राटी. गेटवर छातीत कळ आली आणि कंत्राटी माणसासाठी कंपनीची गाडी काढायची का, यावर आत फोनाफोनी होत राहिली. त्यावर मी वेगळं पत्रक काढणार आहे, आणि सौम्य काढणार नाही. इथं मात्र मला माझ्याविरुद्धचं एक लिहायचंय.

भाऊंच्या गावच्या, औंढ्याच्या गायरानातून झऱ्याकडे जाणारी वाट एका बंगलेवाल्या प्रकल्पानं तारा ठोकून बंद केली आणि वर ते लोक म्हणाले, इथं वाट कधी नव्हतीच. म्हणून आम्ही म्हाताऱ्यांच्या जबान्या चित्रित करायला लागलो. कोण कुठून पाणी आणायचं, कुणाची वरात कुठून गेली. एवढं सगळं ठेवायचं कुठं? मी म्हटलं, इंटरनेटवर टाकू. भाऊ म्हणाले, आपल्या वाटेचा पुरावा दुसऱ्याच्या वाड्यात कशाला? आणि त्यांनी भंगारातून फाइल सर्व्हर बांधला, म्हणजे सगळ्या चित्रणांची साठवण करणारा संगणक. एका बंद पडलेल्या ऑफिसातला मदरबोर्ड, चार डिस्का, दोन कार्डं. एक कार्ड डिस्का जोडणारं, दुसरं नेटवर्कचं. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या पिंपाशेजारी. कॅमेराही तेच धरायचे. प्रत्येक चित्रणाच्या सुरुवातीला, कॅमेऱ्यामागून, त्यांचा आवाज येतो, “बोला आबा, चालू हाय.”

ती दोन कार्डं काही एकत्र नांदेनात. नेटवर्कचं बसवलं की डिस्का गायब, ते काढलं की डिस्का हजर. दोन रविवार भाऊ जमिनीवर मांडी घालून बसले होते. एका वेळी एकच बदल करायचा, चालू करायचं, वहीत लिहायचं, बंद करायचं. माझा धीर सुटायचा. मी बोर्डाला, बनवणाऱ्याला, सगळ्या व्यवस्थेला शिव्या घातल्या. मान वर न करता भाऊ म्हणाले, “ताई, तुमचं पत्रक न्हाई हे, ओरडून चालू व्हायला.” शेवटी सापडलं. कार्डं बसवायच्या खाचांपैकी खालची लांब आणि मधली छोटी या दोघींना बोर्डानं आतून एकच रस्ता दिला होता. छोटीत काही बसलं की लांब खाचेतलं डिस्कांचं कार्ड मुकं. भाऊ खुशीत होते. त्यांच्या भाषेत, जमिनीच्या एकाच गटावर दोघांची नावं चढवली होती, कार्डांचा दोष नव्हता. नेटवर्कचं कार्ड त्यांनी सगळ्यात वरच्या खाचेत नेलं आणि मधलीवर बोट ठेवून म्हणाले, “ही पड ठिवायची.” मी टोमणा मारला, पड जमीन दिसली की बिल्डर येतो, भाऊ. ते लय हसले.

आणि बिल्डरासारखी मीच आले. सुनावणी आठवड्यावर होती, जबान्या बाहेरच्या डिस्कवर हव्या होत्या, आणि त्या जुन्या बोर्डावरून नक्कल फार हळू व्हायची. मी वेगवान जोडणीचं एक कार्ड आणलं. भाऊ पाळीवर होते. वहिनींनी चहा टाकला, तोवर मी झाकण उघडलं, मागून मधल्या खाचेची फट झाकणारी पत्र्याची पट्टी काढली आणि कार्ड त्या खाचेत दाबलं. रिकामी होती ना! चारही डिस्का गेल्या. घाबरून कार्ड उपटलं, पिशवीत टाकलं, झाकण लावलं. डिस्का तरीही येईनात. उपटताना शेजारचं डिस्कांचं कार्ड हललं असणार, हे आज कळतं. तेव्हा मी चहा अर्धा ठेवून पळाले.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. “हात कुटं लावलाता का, ताई?” मी म्हटलं, “नाही.” खोट्या सह्यांवर, खोट्या पंचनाम्यांवर पत्रकं लिहिणारी मी. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण वरून ऐकवलं की तुमचं भंगार ऐनवेळी दगा देतं.  ते म्हणाले, “बघतो. माझंच काय तरी राहिलं असंल.” तीन दिवस पाळी संपवून ते पुन्हा एकेक करून शोधत बसले. चौथ्या दिवशी निरोप आला, चालू झालंय, माझीच चूक झालती. सुनावणीत म्हाताऱ्यांची चित्रणं चालली. निकाल अजून लागायचाय. त्यानंतर तीन आठवड्यांनी भाऊ गेले. कबूल करायला मला तीन आठवडे होते...

भाऊंचं मासिक श्राद्ध झाल्यावर मी औंढ्याला गेले. सर्व्हर चालूच होता. वहिनी तो बंद करू देत नाहीत, त्याचा पंखा थांबला की खोली खायला उठते म्हणतात. मागून धूळ पुसताना दिसलं, मधल्या खाचेच्या फटीत पत्र्याऐवजी पुठ्ठा बसवलाय. त्यावर भाऊंच्या अक्षरात एकच शब्द, ‘पड’. माझा हात पिशवीच्या आतल्या कप्प्यात गेला. कार्डाबरोबर ती पट्टीही मी तेव्हा घाईत उचलली होती. इतके दिवस ती तिथंच होती.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “ती पट्टी व्हय? हे म्हणलेते, ताई आणून देतील त्यांच्या त्या. तवर पुठ्ठा ऱ्हाऊ दे.”

पट्टी मी बसवली नाही. वहिनींना पुठ्ठा हलवायचा नाही, अक्षर भाऊंचं आहे. पट्टी माझ्याच पिशवीत असते, पत्रकं काढताना बोटांना लागते. जबान्यांची नक्कल करताना शेवटी एक फाइल मिळाली, सर्व्हर दुरुस्त झाल्या दिवसाची. भाऊंनी चाचणी घेतली असावी. समोर नुसती रिकामी खुर्ची आहे, मागं पिंप. कॅमेऱ्यामागून आवाज येतो, “बोला, चालू हाय.” मग बराच वेळ पंखा फिरत राहतो, जणू ते वाट बघतायत. त्या मागच्या खोलीत, त्याच खुर्चीत बसून मी ती फाइल पुन्हा लावली.

हात लावला होता, भाऊ.