कोण रायलं नाय ना?

माहीमच्या आमच्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की धवलारीण मावशी दारोदार फिरायची. पदर मागे सारून बोटांवर एकेक नाव घोकायची आणि निघताना उंबऱ्यातून मान आत घालून विचारायची, "कोण रायलं नाय ना?"

आमच्याकडे हळदीचा धवला, म्हणजे हळदीला गायचं गाणं, नुसता ऐकण्यासाठी नसतो. धवलारीण गाण्यात जिचं नाव घेईल तिने उठायचं आणि हळद लावायची. नाव नाही तर हळद नाही! त्यामुळे सगळ्या गणगोताचा मान मावशीच्या जिभेवर. आणि आवाज काय होता बाईचा! तिने पहिली ओळ उचलली की वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळेसुद्धा उडतात, असं आम्ही तिला चिडवायचो.

लोक तिला लुगडं नेसवत, ओटी भरत. कुणी म्हणे, "तुजा गळा नाय, सनई हाय." दुसऱ्या दिवशी विचारावं, कोण म्हणालं गं असं? तर मावशी म्हणायची, "असंल कोनतरी."

पण मुरबे गावाचं नाव काढा! तिथल्या एका हळदीत तिच्याकडून नवऱ्याच्या सख्ख्या आत्याचंच नाव राहिलं होतं. आत्याबाई भर मांडवात म्हणाल्या होत्या, "येवडी धवलारीण, आनि घरच्या मानसाचं नाव गिळलंस?" मावशी हे अगदी त्यांच्याच आवाजात करून दाखवायची, कमरेवर हात, 'गिळलंस'वर मानेला झटका. दारोदार फिरणं तेव्हापासूनचं.

"किती वर्षं झाली, सोड ना आता," मी म्हणायचे.

"मासा कितीबी गोड असू दे," ती म्हणायची, "जिबेला सापडतो काटाच ना?"

तुम्हीही आठवून बघा. कुणी वाखाणलं की आपण जरा लाजतो आणि मोकळे होतो. टोचून बोललेलं मात्र घरी आणतो, चुलीपाशी बसवतो, त्याला रोज नवं उत्तर देतो. मावशीने तर त्या एका वाक्याला जन्मभर जेवू घातलं.

मग माझं लग्न ठरलं, आणि ठरलं नेमकं मुरब्याला! नवरा तारापूरला विजेच्या कारखान्याच्या बांधकामावर कामाला. तो त्याच आत्याबाईंचा दुसरा भाचा. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्या आमच्या मांडवात येणार हे कळलं आणि मावशीने हात झटकले.

"दुसरी धवलारीण बगा. मी नाय गानार."

आई समजावून थकली. मी मात्र हट्टाला पेटले. सांगितलं, "तू नाही गायलीस तर मी पाटावर बसणार नाही. राहू दे मुरब्याची हळद तशीच!"

हळदीच्या दिवशी मांडव भरला, वाजंत्री आली, माझा पाट रिकामा. आई रडकुंडीला आलेली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "कोण रायलं नाय ना?" मी धावत जाऊन पाटावर बसले!

मावशी गायली, अशी गायली की बोईसरहून आलेले नवऱ्याचे हिंदी बोलणारे सोबतीही टाळ्या पिटू लागले. तिने आत्याबाईंचं नाव सर्वांत आधी घेतलं. मध्ये एकदा घेतलं. शेवटी पुन्हा घेतलं. तिन्ही वेळा आत्याबाई उठल्या आणि मी तीनदा पिवळी झाले.

मग त्या पिवळ्या हातांनीच मावशीसमोर उभ्या राहिल्या. "माजं नाव तिनदा का गो? माजं कान काय बहिरं हायत?"

"न्हायतर परत बोलशील, नाव गिळलं."

"मी? मी असं कवा बोलली?"

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. "इसरली? तू इसरली? आनि मी येवडी वर्सं..." तिला हसू फुटलं, मग आत्याबाईंनाही. त्यांनी मावशीचे दोन्ही गाल हळदीने माखले. मला रडू आलं, आनंदानेच.

मला वाटलं, काटा निघाला. कसला निघतोय! मांडवपरतणीला मी माहेरी आले तर मावशी कमरेवर हात ठेवून आईला विचारत होती, "कान काय बहिरं हायत, असं बोलली ती. असं बोलावं का गो?"

पुढे एका पावसाळ्यात मावशी गेली. त्यानंतर मुरब्याला माझ्या धाकट्या दिराचं लग्न निघालं. नवी धवलारीण छान गायली. सगळी नावं झाली, तिने धवला आवरता घेतला, आणि आत्याबाई काठी टेकत उठल्या.

"थांब गो. एक रायलं."

त्यांनी स्वतःच, बेसूर आवाजात, मावशीचं नाव गायलं. मग आत्याबाई पुढे झाल्या आणि मावशीच्या नावाची हळद त्यांनी नवऱ्याला लावली.