पेरभर पाणी

बातमी कोणतीही असो, माझा पहिला प्रश्न असतो, "कोण म्हणालं?" गावच्या शाळेत पोरांच्या सबबी ऐकण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ही खोड जडली असेल, पण घरातले म्हणतात, जन्मजात आहे. महिन्याभरापूर्वी माझ्या दिराचा, दत्ताचा, पुण्याच्या दवाखान्यातून फोन आला. "वहिनी, लोर्ना गेली." तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं. आदल्या रविवारी तर मी तिला भेटून आले होते. चांगली उशीला टेकून बसली होती, दवाखान्याच्या भाताला नावं ठेवत होती, "ताई, फुडल्या रईवारी घरचा भात आना" म्हणून मला बजावत होती. बरं वाटतंय असं सगळेच म्हणत होते. बरं वाटतंय म्हणणाऱ्यांवर माझा तसाही कधी विश्वास नव्हता.

लोर्ना माझी धाकटी जाऊ, फिलिपिन्समधल्या कुठल्याशा बेटावरची. दत्ता मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करायचा, ही तिथं एका दवाखान्यात साफसफाईला होती. तिथंच त्यांचं जमलं आणि नव्वदच्या दशकात कधीतरी दोघं लग्न करून आमच्या महाळुंगे पडवळला आले. दत्तानं मंचरला फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं, पुढं बऱ्याच वर्षांनी जुई झाली, आणि लोर्ना इथंच राहिली. आता तिला पुरलं तिच्या धर्माप्रमाणे आणि दहावा घातला आमच्या. दशक्रियेला आमच्याकडे भाषणं होतात, ती झाली. जो उठला तो म्हणाला, लोर्नाताई परक्या देशातून आल्या, पण इथल्याच होऊन गेल्या. लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र मनात म्हणत होते, इथल्याच झाल्या? कोण म्हणालं? एका घरात, एका ओट्याशी मी तिच्याबरोबर इतकी वर्षं काढली. ती इथली झाली नव्हती. ती रोज दुपारी तिच्या गावाला जायची. आणि एकटी नाही, माझ्या सासूलाही बरोबर घेऊन जायची.

पहिल्या दिवसापासून माझी नजर होती तिच्यावर. 'हो' म्हणायचं असलं की ती तोंडानं बोलायची नाही, नुसत्या भुवया उडवायची. "चहा घेणार का?" भुवया वर. "झोप लागली का?" भुवया वर. आमचे हे, म्हणजे तिचे थोरले दीर, ते बिचारे तिच्याशी बोलताना जमिनीकडे बघायला लागले. त्यांच्याकडे तशीच रीत आहे, असं दत्ता म्हणायचा. मी म्हटलं, असेल. पण तिच्या गावाच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा मात्र माझा संशय पक्का झाला. म्हणे दारासमोर समुद्र. म्हणे चर्चपुढं एवढा मोठा आंबा, की त्याच्या सावलीत अख्खी मिरवणूक मावते. म्हणे पहाटे कोळी किनाऱ्यावर शंख फुंकायचे. शंख ऐकू आला की मासे आले असं समजून बायका टोपल्या घेऊन निघायच्या. शंख? चर्चच्या गावात शंख? आणि मे महिन्यात गावचा सण असला की कुणीही कुणाच्याही घरात शिरावं आणि जेवून जावं, ओळख विचारायची नाही. मला कळेना, इतकं चांगलं गाव सोडून कुणी मस्कतला झाडूपोछा करायला जातं का, आणि तिथून महाळुंग्याला कांदे निवडायला येतं का! गावाचं नाव तिनं सान इसिद्रो सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मी शाळेतला मोठा नकाशा उलगडून सगळी बेटं धुंडाळली. सान इसिद्रो नव्हतं. घरी येऊन मी हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मास्तरीनबाई, त्या नकाशात आपलं म्हाळुंगं हाय का?" तेही नव्हतं. पण तो मुद्दा वेगळा.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला त्यांनी वर्षभर तरी तोंड वाकडं करून वागवलं होतं, मी अनुभव घेतलेला आहे. पण लोर्नाला त्यांनी आठवड्याच्या आत पोटाशी धरलं, आणि तेही एका बोटामुळे. आमचा मुलूख बाजरीचा. भात सणाला, नाहीतर आजाऱ्याला. ही बया तिन्ही त्रिकाळ भात खाणारी, सकाळी उठल्यावरसुद्धा भात आणि त्याबरोबर मंचरच्या बाजारातली सुकट. मी म्हटलं, आता आत्याबाईंचा पट्टा सुटणार. तर काय, लोर्ना तिच्याबरोबर आणलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ धूत होती. पाणी ओतलं आणि मधलं बोट तांदळावर टेकवून उभं धरलं. पाणी पहिल्या पेराला लागलं तसं तिनं पातेलं चुलीवर चढवलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बया! माझी आय असंच मापायची." आणि मला म्हणाल्या, "ही भाताच्या मुलखातली हाय. हिला काय बी इचारू नको." मी वाटीनं पाणी मोजणारी. तांदूळ नवा का जुना, पातेलं रुंद का अरुंद, काही न बघता एका पेरानं काम भागतं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आत्याबाईंचं माहेर शिनोलीच्या पुढं, वर डोंगराच्या अंगाला होतं. भातखाचरांचं गाव. होतं म्हणते, कारण धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. माणसं उठून कुठं कुठं गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आत्याबाई दत्ताला जीप काढायला लावायच्या आणि काठावर जाऊन बसायच्या. चिखलातून घरांची जोती वर आलेली असायची. त्यातलं आपलं कुठलं, हे त्या बोट करून दाखवायच्या, आणि आम्ही हो हो म्हणायचो. मला तर सगळे दगड सारखेच दिसायचे. मग एका वर्षी काठावरून लगेचच परत आल्या. गाळ साचून जोती बुजली होती. "काय बी दिसंना," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी जीप काढायला सांगितलं नाही. दुपारी कांदा निवडायला बसलं की मात्र दोघींचा व्यवहार चालू व्हायचा. एकीनं आपल्या गावची यात्रा सांगायची, दुसरीनं आपल्या गावचा सण. एकीची खाचरं, दुसरीची खाचरं. लोर्ना मराठी शिकली ती आत्याबाईंच्या तोंडची, त्यामुळे डोळे मिटून ऐकलं तर दोघी एकाच आळीतल्या वाटाव्यात. शेवटी आत्याबाई दरवेळी एकच विचारायच्या, "माझं तर ग्येलं. तुझं हाय न्हवं गं जागंवर?" लोर्ना भुवया उडवायची. आत्याबाई सुस्कारा सोडून पुढचा कांदा उचलायच्या.

बऱ्याच वर्षांनी लोर्नाच्या भावाकडे लग्न निघालं आणि ती दोघं तिकडे गेली. जुईला शाळेमुळे इथंच ठेवलं. गावात कुजबुज सुरू झाली. "दत्ताभाऊ बी आता तिकडंच ऱ्हातंय, राव," असं पारावर बोलत होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी स्वयंपाकघरात जाऊन बघून आले, भाताचं पातेलं जागेवर आहे का. होतं. तरी मला वाटलं, पातेलं काय, तिकडे दुसरं मिळेल. आत्याबाई मात्र निवांत होत्या. "यील. मला सांगायला यील," म्हणायच्या.

आणि ती आली. सुकवलेले आंबे आणि उग्र वासाचे सुके मासे घेऊन आली. तिनं पायावर पाणी घ्यायच्या आधीच आत्याबाईंनी विचारलं, "हाय का गं समदं?" लोर्ना त्यांच्याजवळ उंबऱ्यात बसली. "हाय, आत्याबाई. समदं तसंच हाय." शंख वाजतो, म्हणाली. आंबा आहे, म्हणाली. आत्याबाईंचा चेहरा असा उजळला, की मी तशा त्यांना कधी पाहिल्या नाहीत. पण माझे कान टवकारले गेले. आधी गाव सांगताना ती अडखळायची, शब्द शोधायची, "थांबा, दोन न्हाई, तीन होड्या" असं स्वतःला दुरुस्त करायची. या वेळी घडाघडा पाठ म्हटल्यासारखं बोलली. पाठ केलेलं उत्तर मला लांबून ओळखू येतं.

मी दत्ताला दुकानात गाठलं. मंचरच्या हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, ओरडून बोलावं लागत होतं. तो आधी टाळत होता, मग म्हणाला, "वहिनी, काय राह्यलंय तिथं? समुद्रात भर घालून रस्ता केलाय. आंबा न्हाई, जुनं घर न्हाई, तिथं मोठं दुकान हाय, मासे बी बर्फातले मिळत्यात. सोताच्या घराचा रस्ता तिनं रिक्षावाल्याला इचारला. त्यानं विंग्रजीत उत्तर दिलं. पावणी हाय समजला तो तिला... आईला सांगू नका."

म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाती पुरावा आला. त्याच संध्याकाळी लोर्ना तांदूळ धूत होती, तिथं जाऊन मी म्हटलं, "तू आत्याबाईंना खोटं सांगितलंस." तिनं भुवया उडवल्या. हो. मला वाटलं होतं, रडेल, सारवासारव करेल. ती म्हणाली, "ताई, त्यांचं पान्यात ग्येलं. माझं बी ग्येलं म्हनून सांगू? मंग दुपारी आमी जायाचं कुटं?" मी कांद्यांची टोपली पुढं ओढली आणि निवडायला बसले.

नंतरची दोन-तीन वर्षं त्या दोघींच्या दुपारच्या गप्पा चालूच राहिल्या, पण मला त्यात एक फरक जाणवला. आत्याबाईंनी "हाय न्हवं जागंवर?" हे विचारणं बंद केलं. उलट त्याच सांगायला लागल्या, "तुमच्या चर्चाम्होरं त्यो आंबा न्हाई का..." आणि लोर्ना खाली मान घालून ऐकायची. ज्या बाईनं समुद्र कधी पाहिला नाही, ती तिलाच तिचा समुद्र सांगत होती. आत्याबाईंना कळलं होतं का? मला दाट संशय आहे. कोणी सांगितलं असेल, हे मात्र मला शोधता आलं नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांचं डोकं लोर्नाच्या मांडीवर होतं, आणि त्या दिवसानंतर सान इसिद्रोचं नाव लोर्नानं घरात काढलं नाही. मी एकदा म्हटलंही, "सांग की गं, तो शंख कसा वाजायचा?" तर हसून म्हणाली, "तुमाला कुटं खरं वाटतंय, ताई!" माझ्या जिव्हारी लागलं ते. मला ऐकायचं होतं, खरंच ऐकायचं होतं... आणि आता दोन्ही गावं माझ्याकडे येऊन राहिली आहेत. एक गाळाखाली, एक रस्त्याखाली, आणि नांदतं असताना मी पाहिलेलं त्यातलं एकही नाही.

परवा मी लोर्नाच्या पातेल्यात भात लावला. वाटीनं पाणी मोजून ओतलं, शेवटची वाटी हातात राहिली, तेव्हा कुणी बघत नाही असं पाहून बोट बुडवलं. जुई मागं येऊन उभी राहिली होती. आईसारखीच पाय न वाजवता चालते.

"मोठीआई, आईच्या गावात तो चर्चपुढचा आंबा अजून आहे का गं?"

"आहे," मी म्हटलं.

"कोण म्हणालं?"

आमच्या घरात हा प्रश्न कुणाकडून आला, ते सांगायला नकोच. मोठी झाली की ही पोरगी तिकडे जाईल, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि मला खोटं पाडेल. पाडू दे.

"तुझी आई म्हणाली," मी सांगितलं, आणि वाटीतलं उरलेलं पाणी मोरीत ओतून टाकलं. पातेल्यातलं पेरापर्यंत आलं होतं.