तनूची भीती मला लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर कळली

लेण्याद्रीला जाताना मी देवाकडे काय मागायचं ठरवलं होतं, ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज लिहिते आहे. मी मागणार होते, की देवा, ह्या पोरीला तू परत घेऊन जा. माझ्याच्यानं आता होत नाही. गणपतीच्या दारात जाऊन कुणी आई असं मागत असेल का, हा विचार एसटीत बसल्यावर एकदा मनात आला. पण तेवढ्यात तनूनं पुढच्या बाकावरच्या बाईचे केस ओढले आणि तो विचार तिथंच राहिला.

तनू तेव्हा नऊ वर्षांची होती. आमचं गाव मंचरपासून थोडं आत. घरची कांद्या-बटाट्याची शेती, आणि मी घरी ब्लाऊज शिवते. तनू लहानपणापासून चळवळी. एका जागी बसायची नाही, जेवतानाही तीनदा उठायची. पण ती हसरी होती. तिच्या पाठीवर आमचा ओम झाला, तेव्हा तिनं त्याला मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही.

ती सहा वर्षांची असताना ओम गेला. शेतात आम्ही शेततळं केलं होतं, आत काळा प्लास्टिकचा कागद. त्या कागदावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. मी एका बाईच्या ब्लाऊजचं माप घेत होते. तनूला म्हटलं, दादाकडे बघ गं, लांब जाऊ देऊ नको. तीन वर्षांच्या त्या लेकराला आम्ही लाडानं दादा म्हणायचो. माप घेऊन, चहा देऊन मी बाहेर आले, तेव्हा तनू तळ्याच्या कुंपणाशी उभी होती आणि तिच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. माणसं धावली. ओमला बाहेर काढलं, पण काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी, अंगणात सगळं गाव जमलेलं असताना, मी तनूचे दोन्ही दंड धरून तिला हलवलं आणि विचारलं, "तुला सांगून गेले होते ना? तुझं लक्ष कुठं होतं?" नंतर आलेल्या-गेलेल्यांनीही तेच विचारलं. कुणी रागानं, कुणी हळहळत. दहाव्यापर्यंत ती एकदाही रडली नाही, आणि सासूबाई म्हणाल्या, "पोरगी लई घट्ट काळजाची हाय." मलाही तसंच वाटलं. ते बोलणं माझ्या मनात तिच्याविषयी कायमचं घर करून बसलं.

पुढच्या वर्षभरात तनू बदलत गेली. आंघोळीचं पाणी पाहिलं की किंचाळायची. अंथरूण ओलं करायला लागली. शाळेत मुलांच्या वह्या फाडायची, कुणी हात लावला तर चावायची. घरात वस्तू फेकायची, आणि फेकायला काही उरलं नाही की स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायची. आम्ही समजावलं, मारलं, खोलीत कोंडलं. ह्यांनी तिला एकदा पट्ट्यानं मारलं आणि मग गोठ्यात जाऊन बसले. गुरुजी वाईट नव्हते, पण एका मुलाच्या हाताला टाका पडला तेव्हा ते घरी आले आणि म्हणाले, काही दिवस हिला घरीच ठेवा. ते काही दिवस म्हणजे पाच महिने झाले.

मग घरच्यांनी ठरवलं, की हे बाहेरचं आहे. तळ्यातलंच काहीतरी हिला लागलं आहे. डोंगराकडच्या एका वस्तीवर एक देवऋषी होता, त्याच्याकडे नेलं. त्यानं निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या, तनूच्या डोक्यावर घोंगडी टाकली, आणि धूर आत सोडला. तिचे हात कुणीतरी धरायला हवे होते. ते मी धरले. ती घोंगडीच्या आतून मला हाका मारत होती आणि मी हात सोडले नाहीत, कारण माझी खात्री होती, की हाका मारणारी माझी मुलगी नाहीच. मग हाका थांबल्या. घोंगडी काढली तेव्हा ती बेशुद्ध होती.

शुद्धीवर आल्यावर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मी वेणी घालायला बसले की उठून जायची. मी मागून आले की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मला वाटायचं, ही माझा द्वेष करते. खरं सांगायचं तर मीही तिचा करू लागले होते. ओम गेला आणि ही राहिली, असं माझ्या मनात येऊन गेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा.

अशा मनानं मी एका साध्या बुधवारी तिला घेऊन निघाले. चतुर्थी नव्हती, गर्दी नको होती. नारायणगावला गाडी बदलली, जुन्नरहून जीपनं लेण्याद्रीच्या पायथ्याशी उतरलो. तिथून वर लेणीपर्यंत तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तनू माझ्यापुढं चार पायऱ्यांचं अंतर ठेवून चढत होती आणि सारखी वळून बघत होती.

निम्म्याच्या वर गेल्यावर ती दम खायला थांबली, मी तिच्यामागच्या पायरीवर पोचले आणि एका माकडानं माझ्या हातातली नारळाची पिशवी ओढली. मी दचकून पुढं झाले आणि तोल सावरायला तनूचा खांदा धरला. ती अशी किंचाळली, की वरचे लोकही थांबले. ती पायरीच्या आतल्या बाजूला कातळाला चिकटून बसली आणि लाथा झाडू लागली. मी उचलायला गेले तर माझ्या मनगटाला चावली, रक्त आलं. मी तिच्या तोंडात मारली. एकदा नाही, तीन-चारदा मारली. लोक जमले. कुणी म्हणालं अंगात आलंय, कुणी मोबाइल काढला. एक बाई मला म्हणाली, देवाच्या वाटेवर लेकराला मारू नये. मला वाटलं, आता इथूनच खाली उडी घ्यावी.

तेवढ्यात वरून दोन डोलीवाले रिकामी डोली घेऊन उतरत होते. ज्यांना चढवत नाही, त्यांना खुर्चीत बसवून हे लोक वर नेतात. त्यातल्या म्हाताऱ्यानं डोली खाली टेकवली, जोडीदाराला पुढं जायला सांगितलं आणि गर्दीत शिरून अगदी शांतपणे म्हणाला, "चला मंडळी, वर चला. बघू नका तिच्याकडं. बघणाऱ्यांनी वाढतंय ते." मोबाइलवाल्या मुलाच्या हातावर त्यानं नुसता हात ठेवला. माणसं पांगली.

मग तो तनूच्या खाली दोन पायऱ्या सोडून बसला. तिच्याकडे पाठ करून, जुन्नरच्या बाजूला तोंड करून. मला त्यानं हातानं खूण केली, की लांब बसा. तो काही बोलला नाही. गाणं नाही, मंत्र नाही, तिला शांत हो म्हणणं नाही. खिशातून भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा काढल्या, एकेक फोडली, दाणे मागच्या पायरीवर ठेवत गेला. किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन माझ्या पायांवरून सरकून पलीकडे गेलं, एवढं आठवतं. तनूच्या लाथा थांबल्या. मग धाप कमी झाली. मग तिनं हात लांब करून एक दाणा उचलला.

मी पाच-सहा पायऱ्या लांब बसले होते. वारा माझ्याकडे येत होता म्हणून मला ऐकू आलं. ती त्या अनोळखी माणसाच्या पाठीला म्हणाली, "आई मला खाली ढकलणारे."

तो वळला नाही. म्हणाला, "न्हाई ढकलणार. मी बसलोय ना हितं."

"ढकलणारे. मी दादाला धरलं नाय म्हणून."

तीन वर्षं ही पोर माझ्या घरात, माझ्या हातचं जेवत, रोज मरणाची वाट बघत होती. मी मागून आले, की आज आपली पाळी, असं तिला वाटत होतं. आणि मी त्या दिवशी खरोखरच तिचं मरण मागायला चालले होते. तिला माझ्या मनातलं कळलं होतं. चुकीचं काहीच कळलं नव्हतं.

थोड्या वेळानं तो माझ्याकडे आला. माझ्या मनगटाला त्यानं आपल्या गळ्यातला पंचा फाडून बांधला. त्यानं सांगितलं, की त्याची धाकटी बहीण अशीच होती. तिकडे वर, घोडेगावच्या पश्चिमेला त्याचं गाव. बहीण मारायची, फोडायची, म्हणून घरच्यांनी तिला गोठ्यात दाव्यानं बांधून ठेवलं होतं. "एका पावसाळ्यात दावं तोडून गेली. आमी चार दिवस रान धुंडाळलं. न्हाई घावली." मग म्हणाला, "तवा आमाला कळत नव्हतं, ताई. तिला राग न्हवता, भ्या व्हतं. ह्या पोरीलाबी भ्या हाय. आता मनाचे डाक्टर असत्यात, लेकरांचेबी. देवाला भेटा, मग तिकडं न्या. उशीर करू नका."

त्यानं डोली खांद्याला लावली आणि उतरून गेला. नाव मी विचारलं नाही.

आम्ही वर गेलो. गिरिजात्मजाच्या त्या लेण्यात एकही खांब नाही, आणि दिवसा आत आपोआप उजेड असतो. पार्वतीनं ह्याच डोंगरात तप केलं, लेकरू मागितलं, असं सांगतात. तिथं मी उभी राहिले आणि जे मागायला आले होते ते जिभेवर आलं नाही. मी काही मागूच शकले नाही. नुसती रडले. तनू खिडकीपाशी उभी राहून माकडं बघत होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. सासूबाईंना हे आवडलं नाही. लोक पोरीला वेडी म्हणतील, तिचं लग्न व्हायचं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर बाई होत्या. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांनी तनूला काही विचारलंच नाही, खेळू दिलं, चित्रं काढू दिली. मग आम्हाला समजावलं, की तिचा चळवळेपणा जन्माचा आहे, तो तिच्या हातात नाही आणि तुम्ही लावलेल्या वळणाचाही दोष नाही. त्यावर हे दुःख आणि ही भीती येऊन बसली. मोठं माणूस बोलतं, रडतं. लेकराकडे तेवढे शब्द नसतात, ते चावतं, फेकतं, अंथरूण ओलं करतं. त्या म्हणाल्या, "तिचं वागणं हेच तिचं बोलणं आहे. तुम्ही तीन वर्षं ते ऐकलं नाहीत, कारण तुम्हीही दुःखात होता." मिरच्यांच्या धुराचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला त्यांनी एकच काम दिलं. तिची चूक नव्हती, हे तिला माझ्या तोंडानं सांगायचं. ते मला महिनाभर जमलं नाही. शेवटी एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मान खाली घालूनच मी म्हटलं, "तनू, दादा गेला ती तुझी चूक नव्हती."

ती सोलत राहिली. मग विचारलं, "मग कुणाची?"

मी म्हटलं, "मी मोठी होते. लक्ष ठेवायचं काम माझं होतं. तू लहान होतीस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती कुशीत येईल. ती आली नाही. मटाराचं भांडं तिनं अंगणात भिरकावलं आणि त्या दिवशी, ओमनंतर पहिल्यांदा, ती रडली. तासभर रडली. मी जवळ बसून राहिले, हात न लावता, तिच्याकडे न बघता. तो म्हातारा बसला होता तशी.

ह्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. सगळं ठीक झालं, असं मी लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत, पुण्याच्या खेपा चालू आहेत. शाळेत परत गेली आहे, खालच्या वर्गात बसते. वर्गाच्या बाईंनी तिला दाराजवळची जागा दिली आहे, घुसमटलं की ती न विचारता व्हरांड्यात जाऊन येते. गेल्याच महिन्यात तिनं शिलाई मशीनवरचा सगळा कपडा कात्रीनं कापला. भावकीतल्या बायका अजून आपली मुलं आमच्याकडे पाठवत नाहीत. ओमची जागा घरात रिकामी आहे ती आहेच.

मध्यंतरी मी एकटी लेण्याद्रीला जाऊन आले. तो डोलीवाला पायथ्याशी गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मी पाया पडले तर त्यानं पाय ओढून घेतले. मी सगळं सांगितलं, शेंगांचं, पंच्याचं. त्याला आठवेना. म्हणाला, "ह्या पायऱ्यांवर रोज कुणी ना कुणी रडत असतंय, ताई. कोण कोण ध्यानात ठिवू?" मग गिऱ्हाईक आलं, तो उठला.

त्याच्या रूपानं देव आला होता का, हे मला ठाऊक नाही. त्याचे गुडघे दुखतात आणि त्याची बहीण सापडली नाही, एवढं ठाऊक आहे. पण ज्या घटकेला मी माझ्या लेकीवर हात उचलला होता, त्याच घटकेला तो वरून उतरत होता. ते मी घडवून आणलं नव्हतं. पूर्वी मला वाटायचं, देवावर भार टाकायचा म्हणजे आपल्याला नको झालेलं त्याच्या दारात ठेवून मोकळं व्हायचं. आता कळतं, की पदरात जे आहे ते न ढकलता, न बांधता, त्याच्याशेजारी बसून राहायचं, आणि पुढचं आपल्या हातात नाही हे मान्य करायचं. कधी मला ते जमतं, कधी नाही जमत. मी अजूनही ओरडते. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशीही ती माझ्या अंथरुणाशेजारीच आपली वाकळ ओढून आणते आणि माझ्याकडे पाठ करून झोपते. तेवढ्यासाठी मी रोज हात जोडते.