वंदना मॅडमले कोणाचं भेव?

स्टाफरूममध्ये पंधरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. कोंढ्याजवळच्या आमच्या शाळेतले बहुतेक किस्से वंदना मॅडमचे. आधी आम्ही ते हसत सांगायचो. आता मला हसू येत नाही.

*

हेडसरांनी हाक मारली, "वंदना मॅडम, जरा इकडे या!"

मॅडम आल्या त्या घामाघूम. दारातूनच म्हणाल्या, "सर, चूक झाली असेल तर आजच दुरुस्त करतो!"

सरांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. नातू झाला होता!

*

सुट्टी कधी घ्यायच्याच नाहीत. अंगात सणसणून ताप, तरी पेपर तपासत बसलेल्या. त्यात आमचेही गठ्ठे!

मी म्हटलं, "घरी जा न वं बाई. कोणी रागावून नाही राहिलं."

"नाही रागावले, तोवरच करून ठेवा लागते," त्या म्हणाल्या.

*

एकदा माझ्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं. खणकन्! वळून पाहते तर बेचाळीस वर्षांची बाई कपाटाच्या आड.

"मी नाही पाडलं!"

आम्ही खो खो हसलो. पण त्या बाहेर येईचनात, तेव्हा एकेकाचं हसू विरलं.

*

मग एक दिवस फळ्यासमोरच छाती धरून खाली बसल्या. श्वास पुरेना. आम्हाला वाटलं, अटॅक! गाडी काढून भंडाऱ्याला नेलं. ईसीजी नॉर्मल.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "लहानपणी घरात कोणाची भीती वाटायची?"

"कोणाचीच नाही जी. फक्त बाबा घरी आले का आम्ही बहिणी धानाच्या कोठीमागे जाऊन बसत होतो. आवाज झाला का पट्टा निघे."

"तुम्ही अजून तिथंच बसल्या आहात, मॅडम," डॉक्टर म्हणाल्या.

मॅडम गोळ्या घेऊ लागल्या. दर शनिवारी डॉक्टरांशी बोलायला जाऊ लागल्या.

*

गेल्या महिन्यात तेच बाबा शाळेत आले. ऐंशीचे, काठी टेकत. आता ते मॅडमकडेच राहतात. मॅडम गोळ्या घरी विसरल्या होत्या, त्या द्यायला आलेले.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. ओठ पांढरेफटक.

मी बाबांना चहा दिला. त्यांचा हात थरथरला आणि अख्खा कप उलटला. मॅडमनी तीन दिवस खपून भरलेल्या निकालपत्रकांवर!

मॅडम ताडकन पुढे झाल्या.

म्हाताऱ्यानं काठी टाकून दोन्ही हात डोक्यावर घेतले, अंग चोरलं, डोळे गच्च मिटले आणि तो लहान पोरासारख्या बारीक आवाजात म्हणाला, "बाबा, नोको मारू!"