लेफ्ट घ्या, गजूभाऊ!

शाळेत किस्से पाण्याच्या बाटल्यांसारखे साठतात. कोणी कधी सोडले ते आठवत नाही, पण वर्ष संपता संपता कपाट भरलेलं असतं! आमच्या स्टाफरूमच्या कपाटातले निम्मे किस्से एकट्या गजूभाऊंचे आहेत. गजूभाऊ म्हणजे आमच्या शाळेच्या मिनीबसचे ड्रायव्हर. मी गणित शिकवतो, सक्करदऱ्याला त्यांच्याच गल्लीत राहतो आणि रोज त्यांच्याच बसने शाळेत जातो, त्यामुळे माझ्याकडे माल जरा जास्तच आहे. आणि गंमत म्हणजे सगळा माल त्यांच्या झोपेचा.

*

सकाळी मुलं पोचवली की दुपारच्या सुट्टीपर्यंत गजूभाऊ मोकळे. बस मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली लावायची आणि मागच्या सीटवर ताणून द्यायची, हा त्यांचा नेम.

एकदा मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ऑफिसातून तणतणत बाहेर आल्या. "अर्धा तास झाला, बसचं इंजिन चालू आहे! डिझेल काय फुकट येतं?"

बसमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कमलमावशी धावत गेल्या, आत डोकावल्या आणि तशाच परत आल्या.

"मॅडम, इंजिन बंद आहे," त्या म्हणाल्या. "डायव्हर चालू आहे!"

त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये आम्ही शिक्षकांनी गजूभाऊंच्या घोरण्याची नक्कल केली. घोरणं, मग एकदम शांतता, मग मोठा आचका देऊन पुन्हा घोरणं. मधल्या शांततेला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. गजूभाऊही पहिल्या रांगेत बसून हसले. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, पुष्पावहिनी, मात्र हसल्या नाहीत, हे मला फार उशिरा आठवलं.

*

मग तो सिग्नल आला. सकाळची वेळ, बस मुलांनी भरलेली, लाल दिवा. दिवा हिरवा झाला तरी बस हलेना. मागचे हॉर्न बोंबलत होते. कमलमावशींनी पत्र्यावर दोनदा थाप मारली. त्यांच्या बसची भाषाच तशी आहे: एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गजूभाऊ दचकले, गिअर टाकला आणि निघाले. मुलांना काही कळलंसुद्धा नाही.

शाळेत पोचल्यावर गजूभाऊ सरळ मोठ्या मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि किल्ली ठेवली.

"मॅडम, मी आज सिग्नलवर झोपलो."

"अहो, लाल दिवा होता ना? गाडी उभीच होती."

"लालवर झोपलो म्हणून वाचलो. चालत्या गाडीत झोपलो असतो तं? आता डॉक्टरनं लिहून देल्याबिगर मले किल्ली देऊ नका."

बारा वर्षांत बसवर एक ओरखडा नाही आणि हा माणूस आपणहून किल्ली सोडतो! मला तर त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मॅडमनी किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवली, बसवर बदली ड्रायव्हर आला आणि गजूभाऊ गेटवर स्टुलावर बसू लागले. बस आत येताना ते उभे राहायचे. कोणी मोठा माणूस आल्यावर राहतात तसे.

*

हॉस्पिटलात त्यांची झोप तपासली. डॉक्टर म्हणाले, "झोपेत तुमचा श्वास अडतो. पण तो मुख्यतः उताणे झोपल्यावर. कुशीवर असता तेव्हा जवळपास ठीक असतं. वजन उतरवा, उशाची बाजू थोडी उंच करा आणि पाठीवर झोपू नका. सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही, काहींना मशीन लागतंच. म्हणून पुन्हा तपासू, मगच गाडीचं बोलू."

गजूभाऊंनी समजून घेतलं आणि मान हलवली. "म्हणजे गाडी चांगली आहे डॉक्टरसाहेब, पार्किंग चुकून राहिली!"

*

उशाकडची बाजू उंच करायची म्हणून त्यांनी खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवली. मी बघायला गेलो तर पायथ्याकडच्या दोन्ही पायांना बाहेरून मोठाले दगड लावलेले!

"हे काहून?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

"सर, गाडी उतारावर उभी केली का चाकाले दगड लावा लागते."

*

पाठीवर वळलं की टोचावं म्हणून बनियनला मागे खिसा शिवून त्यात चेंडू ठेवतात, हे पुष्पावहिनींना शेजारणीने सांगितलं. वहिनींनी लगेच खिसा शिवला. घरात चेंडू नव्हता. फळांच्या टोपलीत एक कवठ होतं. गोल, टणक, मापाचं!

दोन दिवस कवठाने काम चोख केलं. तिसऱ्या दिवशी गजूभाऊंचं वजन जिंकलं.

त्या दिवशी दुपारी गजूभाऊंनी डब्यातून गूळ घातलेली कवठाची चटणी आणली. आम्ही बोटं चाटून खाल्ली. पीटीच्या सरांनी विचारलं, "कवठ कुठून आणलं हो? मस्त पिकलेलं होतं."

"पाठीवर पिकलं," गजूभाऊ म्हणाले.

पीटीच्या सरांनी त्याच दिवशी खेळाच्या पेटीतला रबरी चेंडू काढून दिला. त्यामागे औदार्य किती आणि चटणीची धास्ती किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

पण गाढ झोपेत गजूभाऊ चेंडूलाही जुमानत नसत. वहिनी कोपराने ढोसायच्या, "अहो, अहो" करायच्या. काही फरक नाही. शेवटी त्यांनी कमलमावशींना विचारलं, कारण झोपलेल्या गजूभाऊंना हलवल्याचा अनुभव जगात त्यांनाच होता.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हा प्रयोग डोळ्यांनी पाहिला. गजूभाऊ खाटेवर झोपले होते आणि उताणे व्हायला लागले होते. वहिनींनी स्वयंपाकघरातून पळी आणली, खाटेच्या लोखंडी पाइपवर दोनदा वाजवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लेफ्ट घ्या!"

गजूभाऊंनी डोळे न उघडता उजवा हात खाटेबाहेर काढला, डावीकडे वळताना ड्रायव्हर खिडकीतून फिरवतात तसा गोल फिरवला आणि मग डाव्या कुशीवर वळले!

मी हसून हसून बेजार. वहिनीही हसल्या, पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"तुमाले हसू येते सर. झोपेत यायचा श्वास थांबला का माया बी श्वास थांबे. परत येईलोक मी मोजत बसो. कितीक वर्सं झाली, मी रातभर जागून यायले राखून राहिली. पयल्यांदा माया डोळ्याले डोळा लागला तो या पळीमुळं."

मला गॅदरिंगमधल्या टाळ्या आठवल्या. ज्या शांततेला आम्ही हसलो होतो, तीच ही बाई वर्षानुवर्षं मोजत बसली होती. मला स्वतःची अतिशय लाज वाटली आणि तसं मी वहिनींना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि विषय बदलला.

*

काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. रिपोर्ट चांगला आला. चेंडू कायम ठेवा, वजन वाढू देऊ नका, दिवसा पेंग आली तर लगेच या, असं बजावून डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी लिहून दिली. शनिवारी मोठ्या मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर ड्रॉवर उघडला.

"बाकीच्यांना मी शाळेत झोपा काढल्याबद्दल मेमो देते," त्या म्हणाल्या. "नीट झोपल्याबद्दल किल्ली मिळवणारे तुम्ही पहिलेच!"

गजूभाऊंनी किल्ली कपाळाला लावली. कमलमावशींनी टेबलावर दोनदा थाप मारली.

*

सोमवारी सकाळची गोष्ट. बस गजूभाऊंच्या दारातच उभी असते आणि तिचं इंजिन सुरू झालं की आमची गल्ली उठते. आमच्या घरात तर गजराचं घड्याळच नाही. त्या दिवशी वेळ होत आली तरी आवाज नाही! आज पहिला दिवस आणि गजूभाऊ उठले नाहीत की काय?

मी पायात चप्पल अडकवून धावलो. बघतो तर रिकामी बस गल्लीतून हळूहळू, अजिबात आवाज न करता पुढे सरकत होती. गजूभाऊ दाराबाहेरून एक हात स्टिअरिंगवर ठेवून खांदा लावत होते. मागून पदर खोचून कमलमावशी ढकलत होत्या. मी काही विचारणार, तेवढ्यात गजूभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला मागे जायची खूण केली. मीही जोर लावला.

कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापर्यंत आम्ही तिघांनी बस ढकलत नेली. माझा शर्ट घामाने भिजला.

"काय हो गजूभाऊ," मी धापा टाकत म्हणालो, "पहिल्याच दिवशी गाडी बंद पडली?"

गजूभाऊंनी कपाळ पुसलं आणि मागे वळून आपल्या घराच्या मिटलेल्या खिडकीकडे पाहिलं.

"गाडी टकाटक आहे सर," ते हळूच म्हणाले. "पुष्पा झोपून राहिली."