टिपणिसांच्या फ्रीझरमधली पिशवी

शैलेंद्र टिपणीस हा माझा, इथे परदेशातल्या बुकित बातोक वस्तीतला शेजारी. आमच्याच ब्लॉकमध्ये, माझ्या मुलाच्या फ्लॅटच्या दोन मजले वर राहतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासून घेण्याचे काम त्याने एकोणीस वर्षे केले आहे. दुसऱ्याने दिलेल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी दडलेले असते, हा त्या नोकरीचा संस्कार तो घरीही पाळतो. दुधाचा खोका उघडण्यापूर्वी तो त्यावरची तारीख दोनदा वाचतो. लिफ्टचे दार लागले तरी बटण पुन्हा दाबतो. त्याची पत्नी विनीता म्हणते, "लग्नाच्या वेळी माझीही पत्रिका यांनी तीन ज्योतिषांना दाखवली होती. निकाल अजून राखून ठेवलाय."

२०१३ च्या एप्रिलमध्ये त्याचे वडील चंद्रशेखर, म्हणजे सर्वांचे नाना, पेणहून महिनाभरासाठी आले. वय त्र्याऐंशी. अन्नावरची वासना उडालेली. दोन घासांवर ताट बाजूला सारायचे. परतीला दहा दिवस उरले असता त्यांनी सहज सांगितले, की लहानपणी मामांनी शिकार करून आणलेल्या सांबराचा खिमा त्यांनी खाल्ला होता, आणि त्या चवीची आठवण अजून होते. नाना पक्के मांसाहारी. परंतु गोमांस आणि डुकराचे मांस त्यांनी जन्मात शिवलेले नव्हते. मुलाकडून काही मागण्याची त्यांची गेल्या कित्येक वर्षांतली ही पहिलीच वेळ होती.

न्यूझीलंडहून येणारे हरणाचे मांस इथे कायदेशीर मिळते. शैलेंद्रने एका आयातदाराकडून आठ किलोंची, गोठवलेली, हाडासकट मांडी मागवली व तिथेच तिचे दोन भाग करून घेतले. एक भाग औद्योगिक वसाहतीत मांस कापून देणाऱ्या चिनी खाटकाकडे, को अंकलकडे, गेला. शैलेंद्रला प्रत्येक व्यवहारात साक्षीदार लागतो. तो मान माझ्याकडे आला.

संध्याकाळी आम्ही खिमा आणायला गेलो. चार किलो दिले होते. निघालेले हाड पाऊण किलो भरले. म्हणजे खिमा सव्वातीन किलो असायला हवा होता. तो भरला पावणेचार. शिवाय त्यात पांढरे कण दिसत होते.

"अंकल, हे अर्धा किलो कुठून आले?" शैलेंद्रने इंग्रजीत विचारले.

"मटणाची चरबी. मी घातली. हरणाला चरबीच नाही, नुसते शिजवले तर पुठ्ठा होतो, लाह!" इथल्या इंग्रजीचे नेहमीचे शेपूट लावत को अंकल म्हणाला.

"मी घालायला सांगितले नव्हते. आणि मटणाचीच कशावरून?"

त्याच्या मागे आकड्यांवर गाय, डुक्कर, मेंढी सारेच टांगलेले होते. को अंकलने हात पुसले. "मीच घातली, म्हणून मला माहीत. तू इंडियन, म्हणून मटणाची घातली."

परत येताना शैलेंद्र म्हणाला, "काका, त्याने डोळ्याला डोळा भिडवला नाही. बघितलेत ना?" मला तसे काही दिसले नव्हते, पण खात्रीने नाहीही म्हणवेना. युरोपात गोमांसाच्या नावाखाली घोड्याचे मांस विकल्याच्या बातम्या त्याच वर्षी रोज येत होत्या. पिशवी फ्रीझरच्या तळाशी गेली. तिच्यावर शैलेंद्रने सुवाच्य अक्षरात लिहिले: संशयित.

रविवारी सकाळी त्याने उरलेली मांडी घरीच कापायला घेतली. जमिनीवर वर्तमानपत्रे, नवी करवत, हातमोजे. मांसाचा बर्फ पुरता सुटलेला नव्हता. वरचा चिवट पांढरा पापुद्रा काढायचा असतो, हे त्याला ठाऊक नव्हते. सुरी घसरून अंगठा कापला. मिक्सरमध्ये अर्ध्या मांसाचा खिमा न होता लगदा झाला.

"यापेक्षा तुम्ही हरणाचा राजीनामा घेतला असतात तर लवकर सुटले असते ते," विनीता म्हणाली.

दुपारी नानांनी घास तोंडात घेतला. बराच वेळ चावला. मग पाणी पिऊन म्हणाले, "छान आहे हो. पोट भरलं माझं." थोड्या वेळाने हळूच विचारले, "शैलू, चरबी नाही का घातलीस? आमच्याकडे बोकडाची चरबी घालत. त्याशिवाय शिकार घशाखाली उतरत नाही."

 शैलेंद्रने माझ्याकडे पाहिले.

मंगळवारी तो रजा घेऊन भारतीय वस्तीतल्या टेक्का बाजारात गेला, डोळ्यांसमोर मटणाची चरबी कापून घेतली आणि वाचलेला दीड किलोचा तुकडा घेऊन आम्ही पुन्हा को अंकलकडे गेलो. को अंकलने दोन्ही पुड्या पाहिल्या. मग खिम्याचे यंत्र पूर्ण उघडून प्रत्येक भाग गरम पाण्याने धुतला आणि शैलेंद्रपुढे मांडला.

"बघ. बोट घालून बघ."

शैलेंद्रने खरोखरच जाळीच्या भोकांतून बोट फिरवले.

"पहिली पिशवी फेकलीस?"

"नाही. आहे."

"मग खा, लाह. हीच चव येईल."

त्या दिवशी नाना पाऊण तास जेवले. दोनदा वाढून घेतले. "कशाची चरबी?" त्यांनी विचारले.

"मटणाची. मी समोर उभा होतो."

"तुझे आजोबाही असेच उभे राहायचे," नाना हसले. "शेवटी खाटकाने सुरा त्यांच्याच हाती दिला. म्हणाला, मास्तर, आता तुम्हीच कापा."

गुरुवारी संध्याकाळचे विमान होते. सकाळी नाना म्हणाले, "निघण्यापूर्वी त्याच खिम्याचे दोन घास मिळतील का रे?"

तो खिमा बुधवारीच संपला होता. फ्रीझरमध्ये उरली होती ती फक्त तळाची पिशवी. शैलेंद्रने ती बाहेर काढली, हातात धरून उभा राहिला. विनीता म्हणाली, "अहो, आणखी काय बघायचं राहिलंय?"

"माझ्यासाठी असती तर शिजवली असती," तो म्हणाला आणि पिशवी परत ठेवली. नानांना त्याने खिमा संपल्याचे सांगितले. नाना बरे म्हणाले. दहीभाताचे दोन घास खाऊन त्यांनी ताट बाजूला सारले आणि विमानतळावर गेले.

शनिवारी दुपारी शैलेंद्र माझ्या दाराशी आला. हातात झाकलेली वाटी होती. त्याने संशयित पिशवीचा बर्फ सुटू देऊन ती स्वतः शिजवली आणि स्वतःच आधी खाल्ली होती.

"तीच चव आहे, काका," तो म्हणाला. "अगदी तीच. नानांना वाढता आला असता हा खिमा."

 त्याने वाटी पुढे केली. मी ती दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले, झाकण काढून वास घेतला.

"मटणाचीच ना रे?" मी विचारले.

 त्याने वाटी माझ्या हातून परत घेतली आणि जिना चढून वर गेला.