गुडघे टेकून लिहिलेला पेपर

प्रोसीच्या दोन्ही गुडघ्यांना घट्टे पडले होते. बुगांडा राज्यातल्या आमच्या न्येंडो गावात मोठ्या माणसाला नमस्कार करायचा म्हणजे बायकामुली गुडघे टेकतातच. पण प्रोसी दारावर साबण विकायला आलेल्या पोरापुढेही टेकायची.

"अगं, तो तुझ्यापेक्षा लहान आहे!" मी ओरडायचे.

"असू दे. दिसतो मोठा."

प्रोस्कोविया नान्तुमे, माझी चुलत बहीण. सातव्या वर्षी आईबाप गेले तेव्हा आमच्याकडे आली, ती आमचीच झाली. तिला इतिहासाची शिक्षिका व्हायचं होतं आणि गाडं अडलं होतं नेमकं इतिहासापाशी. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत त्या विषयात तिला 'ओ' मिळाला. ओ म्हणजे नापास नाही आणि पासही नाही; त्यावर विद्यापीठाचं दार उघडत नाही. शाळेनं पुन्हा बसायची परवानगी दिली, पण एकदाच. म्हणून विसाव्या वर्षी बाई परत गणवेश घालून लहान मुलींच्या बाकावर जाऊन बसल्या.

अभ्यासाला ती कमी नव्हती. केळी सोलता सोलता सनावळ्या म्हणायची. आईला स्वयंपाकघरात राजांची नावं पाठ झाली. तरी जुलैच्या सराव परीक्षेत एका प्रश्नाला पंचवीसपैकी नऊ. सेबुन्या सरांनी तिला वर्गात उभं केलं.

"नान्तुमे, प्रश्न काय होता?"

"एकोणीसशे साली इंग्रजांशी झालेल्या करारानं बुगांडाचं कितपत नुकसान झालं, सर."

"मग, कितपत झालं?"

"काहींच्या मते पुष्कळ झालं, सर. काहींच्या मते फायदाच झाला. थोरामोठ्यांनी…"

"थोरामोठे राहू देत. तुझं मत काय?"

मागच्या बाकावर कुणी तरी खुसखुसलं. सरांनी तिच्या उत्तराचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "'याचा निर्णय जाणत्यांनीच करावा.' अगं बाई, परीक्षेच्या खोलीत जाणती तूच! चार पानं भरलीस, सगळी माहिती बरोबर, आणि बाजू एकाही ओळीत नाही. तू पेपरसुद्धा गुडघे टेकून लिहितेस."

ती उत्तरपत्रिका संध्याकाळी माझ्या वडिलांच्या हातात पडली. बुलासियो सुतार. लाकडापेक्षा त्यांचं नाव झालं होतं ते जिभेमुळे. मुलीच्या घरी मागणी घालायला जायचं तर मुलाकडून बोलायला आसपासच्या गावांतले लोक त्यांनाच न्यायचे. मुलीकडचा बोलणारा मांडवात उलटसुलट प्रश्न विचारून अडवतो, टोमणे मारतो, उत्तर चुकलं की दंड करतो. बाबा कधी अडले नव्हते.

"ही लाल अक्षरं काय म्हणतायत?" फणसाचा गरा तोंडात टाकत त्यांनी विचारलं.

प्रोसीनं वाचलं, "'तुझी बाजू कोणती?'"

"बरोबर विचारलंय. कोणती?"

"काका, तपासणारे माझ्यापेक्षा मोठे. त्यांच्यासमोर मी माझं मत कसं सांगू? उद्धटपणा नाही का तो?"

"मग मांडवात मी काय करतो? समोर सगळे माझ्या बापाच्या वयाचे बसलेले असतात."

"तुम्ही पुरुष आहात."

बाबांनी आठळी अंगणात थुंकली आणि गप्प झाले. आई चुलीपाशी पुटपुटली, "हा माणूस गप्प बसला म्हणजे डोक्यात काही तरी शिजतंय."

ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या अगापितोची मागणी होती. पुरुष पांढऱ्या झग्यांत, बायका टोकदार खांद्यांच्या रंगीत पोशाखात, अशी आमची रांग मुलीच्या अंगणात शिरली. तिकडून बोलायला लुटाया म्हातारा. तासभर त्यानं बाबांना घोळवलं. कोण तुम्ही, कुठून आलात, वाट चुकलात का? बाबा एकेक उत्तर हसत परतवत होते. मग लुटाया काठी टेकत पुढे आला.

"ऐकतो की तुमचा मुलगा फार कष्टाळू आहे. हे कितपत खरं?"

बाबा उठले, झग्यावरचा कोट सारखा केला आणि म्हणाले, "याचं उत्तर आमची मुलगी देईल. प्रोस्कोविया." आणि चक्क बसले.

प्रोसीचा चेहरा राखेसारखा झाला. मुलीकडच्या बायका टाळ्या पिटायला लागल्या.

"तीन मोजतो," लुटाया म्हणाला. "नाही तर एक बोकड दंड. एक… दोन…"

ती चटईवर गेली. गुडघे टेकले. मी मनात म्हटलं, गेला बोकड.

"आजोबा," आवाज सुतासारखा बारीक, "बऱ्याच अंशी खरं आहे."

"बऱ्याच अंशी! म्हणजे पुरतं नाही!" समोर एकच हल्लकल्लोळ. अगापितोनं डोकं हातात धरलं.

"पुरतं नाही. रविवारी तो नऊपर्यंत झोपतो, त्याची आईसुद्धा नाकारणार नाही." त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवला. "केळीच्या बागेत पाठवलं तर तणाऐवजी कोंब उपटून येतो, हेही खरं." मग तिनं मान वर केली. "पण चार वर्षं न्येंडोच्या बाजारात सगळ्यांत आधी उघडतं ते त्याचंच न्हाव्याचं दुकान. या मांडवातली निम्मी डोकी त्यानंच भादरली आहेत. तुमचंही, आजोबा."

लुटायाचा हात आपसूक टाळूवर गेला. अख्खा मांडव हशानं फुटला.

"झोपेचा एक दिवस, कष्टाचे सहा. म्हणून माझ्या मते मुलगा कष्टाळू आहे."

माझ्या मते! गुडघे तसेच जमिनीवर आणि तोंडात 'माझ्या मते'! आमच्या बायकांनी असा काही चीत्कार केला की कोंबड्या बागेत पळाल्या.

"बोकड वाचला," लुटाया म्हणाला. "ही पोरगी द्या आम्हाला, तुमचा न्हावी ठेवा."

परतताना गाडीत प्रोसी बाबांवर उखडली. "मुद्दाम केलंत ना, काका?"

"छे गं. पायात गोळा आला होता."

"बसल्याबसल्या गोळा गेला?" आईनं विचारलं.

लुटायाला 'कितपत' हा शब्द कुणी पढवला, तेही बाबांनी कधी कबूल केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रोसीनं ते नऊ गुणांचं उत्तर काढलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. मग दुसरं. मग रोज एक. सेबुन्या सर वाचून परत पाठवायचे: 'बाजू सापडली. आता पुरावा आण.' 'पुरावा आला. आता विरोधी बाजूलाही दोन ओळी दे.' ऑक्टोबरात पहिल्यांदा सोळा आले.

नोव्हेंबरात खरी परीक्षा. नाकतोड्यांचा हंगाम, सगळं न्येंडो तळणीच्या वासानं भरलेलं. तीन तासांत चार प्रश्न लिहून ती फाटकाबाहेर आली.

"कसा गेला?"

"हात दुखतोय," म्हणाली आणि माझ्या पुडीतले नाकतोडे संपवले.

फेब्रुवारीत निकाल फोनवर आला. बाबा रंधा मारत होते, आई केळी वाफवत होती. प्रोसीनं फोन माझ्याकडे दिला, "तूच बघ." इतिहास: सी.

"सी म्हणजे?" बाबांचा रंधा थांबला.

"पास, बाबा! पुरती पास!"

प्रोसी तिथेच भुशात बसली, पाय लांब पसरून. सात महिन्यांचा श्वास एकदम सोडल्यासारखी हसत राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं. आईनं तिला मिठी मारली ती सोडेचना, आणि केळी खालून करपली. तशीच खाल्ली आम्ही.

दुपारी ती सरांना सांगायला गेली. दारातच गुडघे टेकले.

"कराराचा प्रश्न आला होता म्हणे," सर म्हणाले. "मग, कितपत झालं नुकसान?"

"बरंच झालं, सर. राजा राहिला, दरबार राहिला, हे मी लिहिलं. पण जमीन सरदारांना मिळाली आणि कसणारा आपल्याच शेतात कूळ झाला. राज्य राहिलं ते वरच्यांचं."

सरांनी चष्मा काढला. "माझं मत बरोबर उलटं आहे."

प्रोसीनं गुडघ्यांवरूनच वर पाहिलं आणि गोड हसली.

"असू दे, सर."